व्हॉल्यूम २ वर अडकलेला २२ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प : एक प्रकरण अभ्यास

तक्रार एका गिटारवादिकेची, तिच्या ट्यूब अ‍ॅम्पबद्दल (काचेच्या निर्वात नळ्यांवर, म्हणजे ट्यूबवर, चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर), आणि ती तिहेरी होती. घरी अ‍ॅम्प किरकिरा आणि पोकळ वाजतो. तालमीत तो ड्रम आणि बासच्या खाली दबून जातो. आणि कार्यक्रमात साउंड सांभाळणारा दर वेळी सांगतो, तुझी गिटार कानात घुसते, ट्रेबल कमी कर. अ‍ॅम्प तोच, गिटार तीच, वाजवणारे हातही तेच. वादक चांगली तयारीची आहे, बँडमध्ये नियमित वाजवते. या त्रासावर उपाय म्हणून तिने एकामागून एक डिस्टॉर्शन पेडल (आवाज मुद्दाम फाडणारी, पायाने चालवायची खोकी) बदलून पाहिली होती. शेवटी अ‍ॅम्पच विकायचं ठरलं आणि त्याआधी एकदा नीट तपासून घ्यावा म्हणून तो माझ्या टेबलावर आला.

अ‍ॅम्प हाताने बांधलेला आहे. सर्किट १९६३ साली आलेल्या फेंडर डिलक्स रिव्हर्बच्या घराण्यातलं : २२ वॅट, १२ इंची एक स्पीकर, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, जीझेड३४ रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारी ट्यूब), बाकी छोट्या ट्यूब १२एएक्स७ आणि १२एटी७. चॅनेल दोन, एक साधा आणि एक रिव्हर्ब-व्हायब्रॅटोचा. ती फक्त दुसराच वापरते. अ‍ॅम्प आला तेव्हा नॉब कुठे होते ते मी लिहून घेतलं : व्हॉल्यूम २, ट्रेबल ८, बास ७. पुढे जे सापडलं त्याचा अर्धाअधिक उलगडा या तीन आकड्यांतच होता.

आवाजाबद्दल काहीही मत बनवण्याआधी अ‍ॅम्प विजेच्या बाजूने धडधाकट आहे की नाही ते बघावं, असं माझं ठाम मत आहे. झिजलेल्या ट्यूबवर बसून टोन शोधण्यात लोक महिने घालवतात.

गिटार न लावता अ‍ॅम्प चालू केला तर स्पीकरमधून सलग घुमणारा आवाज येत होता. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तो तसाच, म्हणजे उगम व्हॉल्यूमच्या नॉबच्या पुढे, बहुधा पॉवर विभागात किंवा वीजपुरवठ्यात. ५० हर्ट्झची वीज असेल तर हा आवाज दोन प्रकारचा असू शकतो. ट्यूबच्या हीटरकडून किंवा अर्थिंगच्या घोटाळ्यातून येतो तो ५० हर्ट्झचा, आणि रेक्टिफायरनंतर उरलेल्या लहरींचा येतो तो १०० हर्ट्झचा. गिटारवाल्याला हे ओळखायला यंत्र लागत नाही. सहाव्या तारेचा तिसरा पडदा वाजवा. तो जी स्वर ९८ हर्ट्झचा असतो. अ‍ॅम्पची घूं त्याच्याशी जवळपास जुळली तर ती १०० ची. इथे ती जुळली.

१०० हर्ट्झ म्हटलं की बहुतेक जण थेट फिल्टर कपॅसिटरवर (पुरवठ्यातल्या लहरी सपाट करणारे) बोट ठेवतात आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षांमागून वर्षं कोरडे पडत जातात. पण आणखी एक शक्यता असते. पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये दोन पॉवर ट्यूब आउटपुट ट्रान्सफॉर्मरला विरुद्ध बाजूंनी ओढतात. दोघींमधून सारखाच प्रवाह जात असेल तर पुरवठ्यातल्या लहरी ट्रान्सफॉर्मरमध्येच एकमेकींना खोडतात. प्रवाह असमान झाला की खोडाखोड अपुरी राहते आणि उरलेलं स्पीकरमधून ऐकू येतं.

मोजमाप सोपं आहे. प्रत्येक पॉवर ट्यूबच्या कॅथोडला (ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन जिथून निघतात ते टोक; पोचतात ती प्लेट) १ ओहमचा रेझिस्टर असला की त्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच प्रवाहाचे मिलिअ‍ॅम्पिअर. बांधणाऱ्याने हे रेझिस्टर आधीच घालून ठेवले होते, त्याबद्दल मनापासून धन्यवाद द्यावेसे वाटले. प्लेटवर ४१५ व्होल्ट होते. एका ट्यूबमधून ३१ मिलिअ‍ॅम्पिअर, दुसरीतून १९. गुणाकार केला तर पहिली निवांत बसल्या बसल्या सुमारे १२.९ वॅट उष्णता झेलत होती, आणि ६व्ही६ ची पूर्वापार मर्यादा १२ वॅटची आहे. दुसरी ७.९ वॅटवर रेंगाळत होती. दोन्ही ट्यूबची सॉकेटं आपसात बदलली, तर ३१ चा आकडा ट्यूबबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेला. दोष सर्किटचा नव्हता, जोडी विजोड होती.

नवी जुळवलेली जोडी बसवून बायस लावला, म्हणजे निवांत असताना ट्यूबमधून किती प्रवाह जावा ते ठरवलं. एकूण प्रवाह कमी झाल्यामुळे प्लेटचं व्होल्टेज थोडं वर, ४२० वर गेलं. प्रत्येकी २० मिलिअ‍ॅम्पिअरवर ८.४ वॅट होतात, मर्यादेच्या बरोबर ७० टक्के. (कॅथोडच्या प्रवाहात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या एका जाळीचा) छोटा हिस्साही मोजला जातो, त्यामुळे प्लेटवर प्रत्यक्षात याहून थोडं कमीच पडतं.) हा ७० टक्क्यांचा आकडा काही दगडावरची रेघ नाही. क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये तिथून सुरुवात करायची आणि कानाने थोडं खाली-वर करायचं. मी तो तिथेच ठेवला. घूं जवळजवळ नाहीशी झाली, आणि कपॅसिटर बदलावे लागले नाहीत.

मग छोट्या ट्यूब. अ‍ॅम्प चालू ठेवून, व्हॉल्यूम थोडा वर घेऊन, प्रत्येकीवर पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच टिचकी मारायची. थोडा टक आवाज सगळ्याच करतात. पण तिच्या चॅनेलची पहिली १२एएक्स७ टिचकीनंतरही किणकिणत राहिली. खालच्या काही स्वरांना चिकटून एक धातूचा कंप येतो, अशी तिची एक बाजूची तक्रार होती. तो हाच. नवी ट्यूब आणायचीही गरज पडली नाही, कारण साध्या चॅनेलची १२एएक्स७ वर्षानुवर्षं न वापरता ठणठणीत होती. ती या जागेवर आणली आणि किणकिणणारी काढूनच ठेवली. या सर्किटमध्ये दोन्ही चॅनेलच्या दुसऱ्या टप्प्यांना (आवाज वाढवणाऱ्या पायऱ्यांना) कॅथोडचा रेझिस्टर सामायिक असतो. त्यामुळे साध्या चॅनेलची ट्यूब काढली की दुसऱ्या चॅनेलचा गेन (आवाज किती पट वाढतो ते प्रमाण) किंचित वाढतो. फरक छोटा आहे, पण जो चॅनेल कोणी वापरतच नाही त्याच्याकडून एवढं मिळत असेल तर घ्यावं.

अ‍ॅम्प उघडण्याविषयी इथेच सांगायला हवं. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टहून जास्त साठा राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. तो रेझिस्टरमधून हळूहळू उतरवायचा, मीटर लावून शून्याजवळ आलाय याची खात्री करायची, आणि मगच हात घालायचा. चालू अ‍ॅम्पवर मोजताना एक हात खिशात. हे ज्याने कोणाकडून समोर बसून शिकलेलं नाही, त्याने बायसचं काम जाणकाराकडेच द्यावं. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवू नये हेही त्यातलंच, त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा बळी जातो. या लेखातल्या पुढच्या बहुतेक गोष्टींना मात्र अ‍ॅम्प उघडावा लागत नाही.

२ वर नेमकं काय होत होतं

या घराण्याच्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरवर) ४७ पिकोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर आडवा टाकलेला असतो. त्याला ब्राइट कॅप म्हणतात. व्हॉल्यूम खाली असताना मूळ आवाज पॉटच्या मोठ्या रोधामुळे अडतो, पण वरचे स्वर या कपॅसिटरवाटे निसटून पुढे जातात. नॉब जसजसा वर न्याल तसतसा कपॅसिटरचा परिणाम विरत जातो आणि १० वर तो राहतच नाही. म्हणजे २ वरचा आणि ६ वरचा हा एकच आवाज कमी-जास्त केलेला नसतो. दोन्हींचा पोतच वेगळा असतो. घरची किरकिर इथून येत होती.

त्यात भर कानाची. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेले समप्रबलतेचे आलेख हेच सांगतात की आवाज हळू असतो तेव्हा कानाला खालचे स्वर, आणि अगदी वरचेही, मधल्यांच्या मानाने कमी ऐकू येतात. घरी हळू वाजवताना तिला बास अपुरा वाटला, तिने तो ७ वर नेला. तेच नॉब तालमीत तसेच राहिले. मोठ्या आवाजात कान बास पुरेपूर ऐकतो, त्यातून बास गिटार त्याच जागेत वाजतेय. गिटारचे खालचे स्वर बासमध्ये विरघळून गेले आणि तिला वाटलं आपण दबलो.

हे दबणं सर्किटच्या अंगानेही खरं आहे. या अ‍ॅम्पमध्ये टोनचे नॉब पहिल्या टप्प्यानंतर लगेच येतात, त्यानंतर व्हॉल्यूम, आणि मग उरलेले टप्पे. बास जितका जास्त पाठवाल तितके पुढचे टप्पे त्या बासनेच आधी भरतात, आणि आवाज फुटायला लागला की तो भसाडा, ढगळ फुटतो. शिवाय या आराखड्यात मिडचा, म्हणजे मधल्या स्वरांचा, नॉबच नाही. त्या जागी ६.८ किलोओहमचा कायमचा रेझिस्टर आहे, आणि मधल्या पट्ट्यात खड्डा असणं हा या टोनचा स्वभावच. बँडमध्ये गिटार ऐकू येते ती मात्र मधल्या पट्ट्यातच.

आता एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. हे टोन सर्किट पॅसिव्ह आहे. ते वाढवत काही नाही, फक्त कापतं. ट्रेबल आणि बास दोन्ही खाली आणले की मधला पट्टा आपोआप सापेक्ष वर येतो. एकूण आवाज घटतो, तो व्हॉल्यूमने भरून काढायचा, आणि व्हॉल्यूम तर आपल्याला वर न्यायचाच आहे. बास ७ वरून ३, ट्रेबल ८ वरून ५, व्हॉल्यूम २ वरून ५ : या एकाच हालचालीत अ‍ॅम्प ओळखू येईना. पिक हळू मारला की स्वच्छ, जोरात मारला की कडेने फाटणारा, आणि तार सोडली की हळूहळू विझणारा. ती इतका वेळ पेडलमध्ये शोधत होती ते हेच. पॉवर ट्यूबवर ताण आला की पुरवठ्याचं व्होल्टेज क्षणभर खचतं, ट्यूब रेक्टिफायर त्यात भर घालतो, पिकचा पहिला घाव थोडा दबतो आणि मागचा स्वर वर येतो. बोटांना जाणवतो तो हा दाब. आउटपुट टप्प्याला काम मिळाल्याशिवाय तो येत नाही. प्रीअ‍ॅम्प (आउटपुटच्या आधीचे छोट्या ट्यूबचे टप्पे) कितीही तापवला तरी नाही.

प्रेक्षकाच्या जागेवरून

अ‍ॅम्प जमिनीवर, कोपऱ्यात, आणि वादक त्याच्यापासून दोन पावलांवर उभी. १२ इंची स्पीकर साधारण एक किलोहर्ट्झच्या वर आवाज झोतासारखा सरळ समोर फेकू लागतो. हा झोत तिच्या पोटऱ्यांवर आदळत होता आणि कानापर्यंत मंद झालेला आवाज पोचत होता. म्हणून ट्रेबल ८. समोर खुर्चीत बसलेल्याच्या कानात मात्र तो झोत थेट. साउंड सांभाळणाऱ्याची तक्रार शंभर टक्के खरी होती आणि तिचं ऐकणंही खरं होतं.

हे तिला सांगून पटण्यासारखं नव्हतं, ऐकूनच पटणार होतं. लूपर पेडलमध्ये तिचाच एक तुकडा भरून तो फिरत ठेवला आणि तिला खोलीभर चालायला लावलं. आधी नेहमीच्या जागी उभी राहिली, मग अ‍ॅम्पसमोर काही अंतरावर खाली बसली. बसल्या बसल्या तिने कानावर हात ठेवला आणि "अरे, हे असं ऐकतात लोक?" म्हणाली. माझ्या मते ट्यूब अ‍ॅम्प असलेल्या प्रत्येकाने ही एक चाचणी करावी. बाकी सगळ्या सल्ल्यांहून तिचा उपयोग जास्त आहे.

अ‍ॅम्प मागे कलवून स्पीकरचा रोख तिच्या डोक्याकडे केला. ट्रेबल ५ वरून तिनेच आपणहून ४ केला. कोपऱ्यातून बाहेर काढल्यावर बासही आटोक्यात आला, कारण भिंत आणि जमीन जवळ असली की खालचे स्वर फुगतात. काही ठिकाणी अ‍ॅम्प स्टूलवर चढवणं पुरतं. हा बदल पूर्ण फुकट आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी करतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

तरी एक अडचण होतीच. ५ वर अ‍ॅम्प तालमीच्या खोलीला जास्त होत होता. स्पीकर पाहिला तर कोणीतरी पूर्वी बदललेला, १०० डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे १ वॅटवर १ मीटर अंतरावर १०० डेसिबल. २२ वॅट म्हणजे त्यावर आणखी १३.४ डेसिबल, एकूण ११३ च्या पुढे. अमेरिकेतली नायॉश ही संस्था १०० डेसिबलसाठी रोजची सुरक्षित मुदत १५ मिनिटं धरते, आणि प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते. त्यामुळे "फक्त वर कर" हा सल्ला कानांच्या जिवावर उठणारा आहे.

तिथे ९७ डेसिबलचा, त्याच ८ ओहमचा स्पीकर बसवला. ३ डेसिबलची घट म्हणजे अ‍ॅम्प निम्म्या वॅटचा झाल्यासारखं, पण सर्किट मात्र पूर्वीसारखंच ताणून वाजू शकतं. स्पीकर निवडताना त्याची वॅटक्षमता अ‍ॅम्पच्या आकड्याच्या दुप्पट तरी घेतली, कारण २२ वॅट हा स्वच्छ आवाजाचा आकडा आहे आणि फुटल्यावर अ‍ॅम्प त्याहून जास्त ढकलतो. स्पीकरची संवेदनशीलता बघून खरेदी करणारे फार थोडे असतात. "जास्त डेसिबल म्हणजे चांगला" असं धरून चालतात आणि मग व्हॉल्यूम २ वर अडकून राहतात.

गिटारवरचा नॉब

अ‍ॅम्प ५ वर कायम ठेवायचा, तर स्वच्छ आणि फुटका आवाज यांतली ये-जा कुठून करायची? गिटारच्या व्हॉल्यूमवरून. १० वर सोलो, ७ वर टोकदार साथ, ५ वर स्वच्छ. ती हा नॉब वापरत नव्हती आणि त्याला कारण होतं : कमी केला की आवाज घोंगडीखाली जातो. गिटारच्या पॉटचा रोध आणि केबलची धारकता मिळून वरचे स्वर गिळतात. केबलमध्ये मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरा, आणि तिची केबल ६ मीटरची होती. ३ मीटरची केबल दिली, आणि गिटारच्या व्हॉल्यूम पॉटवर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर टाकले. आता नॉब उतरवला तरी स्वर उजळ राहतो.

दोन इनपुट जॅकांबद्दलही इथेच. तिची केबल कायम दुसऱ्या जॅकमध्ये असायची. त्यात आवाज निम्मा होतोच, पण शिवाय गिटारला १ मेगाओहमऐवजी सुमारे १३६ किलोओहमचा भार दिसतो आणि सिंगल-कॉइल पिकअपची (तारेचा कंप टिपणारं, एका वेटोळ्याचं चुंबक) चमक विझते. पहिल्या जॅकमध्ये लावल्यावर गिटार जागी झाली. दोन्ही चॅनेल केबलने जोडून जाडी मिळवण्याची युक्ती काही ब्रिटिश अ‍ॅम्पवर सुरेख चालते. इथे ती करू नये. रिव्हर्बच्या चॅनेलला एक टप्पा जास्त असल्यामुळे दोन्ही चॅनेलचे आवाज उलट फेजमध्ये (एकाच्या लाटेचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार) येतात आणि एकमेकांना खातात.

पेडलांपैकी एकच ठेवलं : मधला पट्टा ७२० हर्ट्झच्या आसपास उचलणारं, ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह. त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल भरपूर. पेडलने आवाज फोडायचा नाही, अ‍ॅम्पच्या पुढच्या ट्यूबना ढकलायचं आणि त्या खड्ड्यात भर घालायची. जास्त गेनची डिस्टॉर्शन पेडल आता पेटीत आहेत.

घरासाठी निर्णय वेगळा घ्यावा लागला, कारण घरी ५ कधीच शक्य नाही. ब्राइट कॅपचं एक टोक सोडवून त्यावर इन्सुलेशन चढवलं. हवं तर पुन्हा जोडता येतं. सिंगल-कॉइलवाल्यांनी हळू वाजवताना याचा विचार जरूर करावा. हमबकरवाल्यांना (दोन वेटोळ्यांच्या, जाड आवाजाच्या पिकअपवाल्यांना) कदाचित तो कपॅसिटर हवाच वाटेल. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये ठेवायचा अटेन्युएटर (ट्यूबची ताकद स्पीकरपर्यंत पोचण्याआधी खाणारं खोकं) हा दुसरा मार्ग. पण त्याने फार घट केली की कानाचा तोच १९३३ चा हिशेब पुन्हा आडवा येतो, आणि ट्यूब मात्र मोठ्या आवाजाइतक्याच झिजतात. ती घरी सरावासाठी व्हॉल्यूम अडीचवर ठेवते, बास थोडा वर घेते, आणि घरून निघताना बास ३ वर आणते. हा शेवटचा भाग तिने अ‍ॅम्पच्या वरच्या बाजूला कागदी टेपवर लिहून चिकटवला आहे.

पुढच्या कार्यक्रमात साउंडवाल्याने माइक स्पीकरच्या मध्याऐवजी मधल्या टोपीच्या कडेला लावला आणि गिटारच्या चॅनेलवरचं इक्वलायझर सपाट ठेवलं. कानात घुसण्याची तक्रार आली नाही. सोलोच्या वेळी बासिस्टने मागे वळून पाहिलं, असं ती सांगते.

एक प्रश्न सुटलेला नाही. त्यांच्या एका गाण्यात गिटार पूर्ण स्वच्छ हवी आणि तरी ड्रमच्या वर हवी. गिटारचा नॉब ५ वर आणला की ती स्वच्छ होते पण मागे पडते. २२ वॅटच्या दोन ६व्ही६ कडे त्या प्रसंगासाठी तेवढी स्वच्छ जागाच नाही, ते काम मोठ्या अ‍ॅम्पचं. पहिल्या १२एएक्स७ च्या जागी ५७५१ घालून बघायचं ठरलं आहे : तिचा वर्धनांक १०० ऐवजी ७०, म्हणजे फुटण्याआधी गिटारचा नॉब थोडा आणखी वर नेता येईल. त्याने स्वच्छ आवाजाची कमाल मर्यादा वाढणार नाही, फक्त नॉबवरची पायरी रुंदावेल. तोवर त्या गाण्यापुरता माइकचा फेडर वर करायचं साउंडवाल्याने मान्य केलं आहे.